ओतीव गोळ्या आणि अति-धिमी रायफल दारू: पुंगळी भरून की अर्धी?

टक्सनकर

नमस्कार मंडळी. रायफल थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६), बोल्ट ॲक्शन, नळी २४ इंच, १० इंचात एक पीळ. गोळी लायमनच्या ३११२८४ साच्यातली, गॅस चेक (बुडावरची तांब्याची टोपी) आणि वंगण धरून साधारण २१० ग्रेन. धातू म्हणजे गाड्यांच्या चाकांची जुनी शिशाची वजनं, वर २ टक्के कथील. साइज (दाबून नेमका केलेला व्यास) .३१० इंच. वंगण ॲलॉक्स आणि मधमाश्यांचं मेण, अर्धंअर्धं.

दारू दोन प्रकारची आहे. डब्ल्यूसी ८७२, लष्करी शिल्लक मालातली, ८ पौंड, मूळ लेबल आणि लॉट नंबर डब्यावर शाबूत. आणि हॉजडनची एच ४८३१, एक पौंड.

८७२ ने दहा काडतुसं भरली. पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) पाऊणच भरली होती, प्रायमर (बुडाची पेटवणारी टिकली) साधा सीसीआय २००. नळीत आणि बोल्टच्या खाचांत पिवळट, न जळलेले दाणे सापडतात. प्रत्येक बाराचा आवाज वेगळा. दोन बार चाप ओढल्यावर किंचित उशिराने उडाले.

प्रश्न असे:
१. ८७२ किती घालावी? कुठल्याच मॅन्युअलमध्ये .३०-०६ साठी आकडा नाही.
२. मोकळ्या जागेत डॅक्रॉनचा (पॉलिएस्टर कापसाचा) बोळा घातला तर चालेल का?
३. एच ४८३१ चा बार (एका काडतुसातली दारू) ३५-४० ग्रेनवर आणून हलका करता येईल का?
४. हीच काडतुसं एम १ गॅरंडमध्ये (गॅसच्या दाबावर आपोआप भरणारी रायफल) वापरता येतील का?

---

धिमी_आच

उरलेली पाऊण भरलेली काडतुसं उडवू नका, गोळी ओढून काढा. उशिराने उडालेला बार ही सूचना आहे, ती गांभीर्याने घ्या.

मूळ कारण असं. धूरविरहित दारू किती वेगाने जळते ते भोवतालच्या दाबावर ठरतं. वीयेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचा नियम तोच सांगतो: दाब चढला की जळण्याचा वेगही जवळपास त्याच प्रमाणात चढतो. दाब तयारच झाला नाही तर दारू नुसती धुमसते. ८७२ ही २० मिमी तोफेसाठी बनवलेली गोल दाण्यांची दारू. तिथे पुढे ढकलायचा गोळा १०० ग्रॅमच्या आसपास. तुमची २१० ग्रेनची गोळी म्हणजे १३.६ ग्रॅम. शिवाय तांब्याचं कवच असलेली गोळी आट्यांत (नळीतल्या पिळाच्या खाचांत) शिरताना जितका विरोध करते, तितका शिशाची करत नाही. एवढ्या थोड्या अडवणुकीत त्या दारूला जोर धरता येत नाही. दाण्यांवरचा ज्वलन मंदावणारा लेप तसाच राहतो आणि गोळी निघून जाते. नळीत पडलेले पिवळे दाणे ते हेच.

त्यात पाव पुंगळी मोकळी. रायफल खाली झुकवून वर घेतली तर दारू गोळीजवळ सरकते, वर करून खाली आणली तर प्रायमरजवळ. दर बाराला पेट वेगळी, म्हणून आवाज वेगळा.

आता तिसरा प्रश्न, कारण सगळ्यांत धोक्याचा तोच आहे. एच ४८३१ चा बार कमी करू नका. धिम्या दारूचा अपुरा बार मोठ्या पुंगळीत घातल्यावर रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. कारणमीमांसा एकाहून अधिक आहेत. मला सर्वांत पटते ती अशी: प्रायमरच्या धक्क्याने गोळी घशात (नळीत आटे सुरू होतात तिथे) जाऊन बसते, दारू नीट पेटलेली नसते, आणि ती जोर धरते तेव्हा नळीला गोळीचं बूच लागलेलं असतं. प्रयोगशाळेत हे हुकमी घडवून आणणं अवघड, म्हणून काहीजण धोका हसण्यावारी नेतात. छापील तक्त्यातला किमान आकडा हा हलक्या बाराचा तळ आहे, त्याखाली जायचं नाही.

हलका बारच हवा असेल तर हॉजडनची एच ४८९५ घ्या. तिच्यासाठी कंपनीनेच सूत्र दिलंय: तक्त्यातल्या कमाल बाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतं. कमाल ५० ग्रेन छापलं असेल तर ३० ग्रेन. हे सूत्र त्या एकाच दारूचं आहे. ४८९५ आणि ४८३१ हे आकडे दिसायला जवळचे, म्हणून डबा उघडण्याआधी लेबल मोठ्याने वाचायची सवय लावा. एच ४८३१ आणि आयएमआर (दुसऱ्या ब्रँडची) ४८३१ यांतही गल्लत नको, आयएमआरची जास्त वेगाने जळते. एच ४८३१ एससी मात्र तीच दारू आहे, फक्त काड्या आखूड कापलेल्या, त्यामुळे मापातून सुरळीत पडते.

---

ओतशाळा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मापात देतो.

धिम्या दारूचा ओतीव गोळीसाठी फायदा तेव्हाच, जेव्हा पुंगळी भरलेली असते आणि भरलेल्या पुंगळीतही ती दारू कमाल दाबापर्यंत पोचूच शकत नाही. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत. .३०-०६ मध्ये एच ४८३१ गळ्यापर्यंत भरली तर ती कवच असलेल्या जड गोळीच्या पूर्ण ताकदीच्या बाराजवळ जाते, तुमच्या शिशाला तो दाब सोसायचा नाही. म्हणजे या पुंगळीत ४८३१ दोन्हीकडून अडचणीची: भरली तर जास्त, कमी केली तर धोका. ८७२ तिच्याहून पुष्कळ धिमी, म्हणून ती भरता येते. तीच ८७२ पॉइंट ३०० विन्चेस्टर मॅग्नममध्ये तितकी धिमी ठरत नाही. “धिमी” हा शब्द नेहमी पुंगळी आणि नळीच्या व्यासासकट वाचायचा.

आकडा मी देणार नाही. लष्करी शिल्लक दारूचा प्रत्येक लॉट वेगळा असतो. दुकानातल्या डब्यातली दारू कंपनी ठरावीक वेगाला आणून विकते, हिचं तसं नसतं. स्वतः मोजायची पद्धत ही:

- तुमच्याच रायफलीत उडवलेली, गळा साइज केलेली पुंगळी घ्या, जुना प्रायमर आतच ठेवून.
- गोळीचा बूड गळ्यात कुठवर येतो ते गोळीशेजारी पुंगळी धरून बाहेरून मार्करने आखा. गॅस चेक गळ्याच्या आतच राहिला पाहिजे. खाली खांद्यात उतरला तर निसटू शकतो.
- दारू त्या रेघेपर्यंत भरा, पुंगळी बोटाने आठ-दहा वेळा टिचका, खाली बसलेली जागा परत भरा. गोळीने दारू चेपायची नाही. गोल दाण्याची दारू चेपण्यासाठी नसते.
- वजन करा. पाच पुंगळ्यांचं करा आणि सर्वांत कमी आलेलं वजन धरा. लष्करी पुंगळीची भिंत जाड असते, तिच्यात एखाद-दोन ग्रेन कमी मावतं.
- सुरुवात त्या वजनाच्या ९५ टक्क्यांपासून. पाच बार, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून. मग पूर्ण.

क्रोनोग्राफशिवाय यात पडू नये. दाब मोजायचं साधन घरी नसतं, वेग हाच पुरावा. २०० ग्रेनच्या आसपासच्या गोळीला साधारण १,६०० ते २,००० फूट प्रति सेकंद दिसायला हवेत. २,२०० च्या वर गेलात तर डब्यातली दारू लेबलावर लिहिलेली नाही असं धरा आणि थांबा.

एक बारीक गोष्ट, पण अनर्थ करणारी. डिजिटल काट्यावर ग्रेन आणि ग्रॅम एकाच बटणाने बदलतात. पडद्यावर कोपऱ्यात फक्त “जीएन” किंवा “जी” एवढंच उमटतं. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. दर बैठकीआधी ५० ग्रॅमचं चाचणी वजन ठेवून बघा: ग्रेनमध्ये असाल तर ७७१.६ दिसेल. आपल्या जिभेला ग्रॅमची सवय, म्हणून हे आवर्जून.

---

नळी_आणि_आटे

न जळलेल्या दाण्यांवर उपाय, क्रमाने. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पुंगळी भरा. निम्मा त्रास तिथेच जातो.

प्रायमर मॅग्नम लावा: सीसीआय २५०, फेडरल २१५ किंवा विन्चेस्टरचा लार्ज रायफल मॅग्नम. जाड लेपाच्या गोल दाण्यांना साध्या प्रायमरची ज्योत पुरत नाही. थंडीत हा फरक फार जाणवतो.

गळ्याची पकड वाढवा. ओतीव गोळीसाठी गळा किंचित फुलवावा लागतो, नाहीतर बूड खरवडतो. पण बरेचजण गरजेपेक्षा जास्त फुलवतात. गोळी बसवल्यावर ती काडतूस टेबलावर दाबूनही आत सरकता कामा नये. वर गोळीच्या खाचेत पक्का क्रिंप (पुंगळीचं तोंड आत दाबून धरलेली पकड). गोळी जेवढी धरून ठेवाल तेवढा दाब उशिरा सुटतो आणि दारू तेवढी जास्त जळते.

गोळी आट्यांना टेकेल इतकी बाहेर बसवा, ३११२८४ चं लांब नाक त्यासाठीच आहे. मात्र न उडवता काडतूस बाहेर काढलं तर गोळी घशात अडकून राहणार नाही ना ते बघा. अडकली तर पुंगळी उघडी पडून सगळी दारू ॲक्शनमध्ये सांडते.

एवढं करूनही थोडे दाणे राहतातच, ८७२ चा तो स्वभाव आहे. दर पाच-सहा बारांनी रायफलीचं तोंड वर करून बोल्ट उघडा, दाणे खाली पडू द्या आणि बोल्टच्या खाचा ब्रशने झाडा. खाचेत दाणा राहिला की बोल्ट मिटताना अडखळतो. लोक त्याला जोराचा दाब समजतात किंवा बोल्टवर हात आपटतात. दोन्ही चूक.

खाली थोडी झटपट दारू आणि वर धिमी, असा दुहेरी बार कुणी सुचवेल. करू नका. त्याचा छापील तक्ता नाही आणि दोन दारूंचे थर काडतुसात वेगळे राहतील याची खात्री नाही.

डॅक्रॉन: भरलेल्या पुंगळीत त्याला जागाच नाही, प्रश्न मिटला. अर्ध्या बारावर बोळा ठेवून मध्ये हवा राहिली तर तो बोळा गोळीच्या बुडावर आदळतो आणि चेंबरच्या गळ्यापाशी कडं उमटतं. असं कडं पडलेली नळी दुरुस्त होत नाही. पुंगळ्या बाहेर निघताना गळ्याजवळ चिकटायला लागल्या की समजावं.

गॅरंड: नाही. तिथे गॅसचं छिद्र नळीच्या तोंडाजवळ आहे. धिमी दारू शिखरदाब कमी ठेवते, पण त्या छिद्रापाशी दाब जास्त असतो. ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे ढकलणारा दांडा) वाकतो. गॅरंडसाठी आयएमआर ३०३१ ते आयएमआर ४३२० या पट्ट्यातलीच दारू ठरलेली आहे, आणि ४८९५ त्याच पट्ट्यात बसते.

---

सातपुडा

माझ्याकडे इथे, महाराष्ट्रात, पॉइंट ३१५ ची परवान्याची रायफल आहे. काडतुसं महाग पडतात. रिकाम्या पुंगळ्या अशा घरी भरता येतील का?

---

धिमी_आच

@सातपुडा, नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. हा धागा अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, जिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरणं हा उघड चालणारा छंद आहे. तिथेही दारू आणि प्रायमर घरात किती ठेवायचे याचे राज्याचे, गावाचे आणि अग्निशमनाचे नियम असतात. तुमच्याकडे परवानाधारक विक्रेत्याकडची काडतुसं हाच मार्ग.

---

ओतशाळा

गोळीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दारू बदलून सुटणार नाहीत असे दोष गोळीत असतात.

.३१० साइज कशावरून ठरवली? साच्यावर .३११ लिहिलंय म्हणून? नळी मोजा. मऊ शुद्ध शिशाचा, नळीपेक्षा किंचित जाड तुकडा तेल लावून लाकडी मोगरीने आत घाला, पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेल्या गजाने पूर्ण नळीतून ढकला, मायक्रोमीटरने जाड व्यास मोजा. गोळी त्याहून .००१ ते .००२ इंच मोठी हवी. जुन्या रायफलींचा घसा झिजलेला असतो, तिथे नळीपेक्षा घशाचं माप महत्त्वाचं. घशाचा साचा घ्यायला सेरोसेफ हा मिश्रधातू वापरा: ९० अंश सेल्सियसच्या आत वितळतो, आधी आकसतो, मग फुगतो, आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. मोजायचं ते तेव्हा.

शिसं नळीत कुठे चिकटतं ते बघितलं की रोग ओळखता येतो. घशाजवळ चिकटलं तर गोळी बारीक आहे, कडेने गॅस निसटून शिसं कापतोय. नळीच्या तोंडाकडच्या शेवटच्या काही इंचांत चिकटलं तर वंगण संपतंय. धिम्या दारूत दुसरा प्रकार जास्त, कारण दाब शेवटपर्यंत टिकतो आणि वंगणावरचं काम लांबतं. नळीच्या तोंडावर मेणाची चांदणी उमटत असेल तर वंगण पुरतंय.

कठीणपणा: चाकांची वजनं हवेत थंड केली तर ब्रिनेल ११-१२. साच्यातून सरळ पाण्याच्या बादलीत टाकली तर १८ च्या पुढे जातात, कारण त्यांत अँटिमनी आणि चिमूटभर आर्सेनिक असतं. ८७२ च्या सौम्य सुरुवातीला ११-१२ पुरेसं आहे. उगाच लायनोटाइप (छपाईच्या टाइपांचा कठीण मिश्रधातू) मिसळून महाग आणि ठिसूळ करू नका. गोळीला हळूहळू आट्यांत शिरायला मिळतं, बूड चेचलं जात नाही, आट्यांवरून घसरत नाही. धिमी दारू वापरायचं खरं कारण हेच.

एक खबरदारी. हल्ली चाकांच्या वजनांत जस्ताची बरीच असतात. जस्त ४२० अंश सेल्सियसला वितळतं, शिसं ३२७ ला. भांडं ३७० च्या आसपास ठेवलंत तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, गाळून काढता येतात. आच जास्त झाली की ते मिसळतं आणि पुढच्या सगळ्या गोळ्यांच्या कडा गोलसर, अपुऱ्या भरलेल्या येतात.

---

उत्तरवारा

सगळं बरोबर आहे, पण एक बाजू राहतेय. ८७२ स्वस्तात किंवा आधीच घरात असेल तरच हे करावं. विकत घेऊन करण्यात फायदा नाही.

पौंडात ७,००० ग्रेन. ५८ ग्रेनचा बार धरला तर पौंडात १२० काडतुसं. २४०० सारख्या झटपट दारूचा २२ ग्रेनचा बार धरला तर ३१८. (हे आकडे हिशेबापुरते, भरण्यासाठी नाहीत.)

धक्क्याचाही हिशेब करा. दारूसुद्धा नळीतून बाहेर फेकली जाते. सामीच्या (अमेरिकेत बंदुका-काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) सूत्रात मोठ्या रायफलीसाठी गॅसचा वेग गोळीच्या १.७५ पट धरतात. ८ पौंडांची रायफल, २०० ग्रेन गोळी, वेग १,८०० फूट: ५८ ग्रेन दारूने धक्का सुमारे ११.७ फूट-पौंड, २२ ग्रेनने सुमारे ७.३. गोळी तीच, वेग तोच, खांद्याला दीडपटीहून जास्त. दिवसभर बसून सराव करणाऱ्याला संध्याकाळी हा फरक कळतो. आवाज आणि तोंडाशी उडणारी ज्वाळाही जास्त.

८७२ च्या बाजूने एकच भक्कम मुद्दा, आणि तो लहान नाही: पुंगळीत दोनदा दारू पडूच शकत नाही, सांडून बाहेर येते. झटपट दारूत २२ चे ४४ ग्रेन सहज मावतात आणि रायफल फुटते. त्या वाटेने गेलात तर गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याने डोकावा.

---

टक्सनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काडतुसं सोडवली. पाच पुंगळ्यांत मावणाऱ्या दारूचं वजन केलं, सर्वांत कमी आलेलं धरलंय. सीसीआय २५० आणले. नळीचं माप .३०८५ आलं, म्हणजे .३१० ठीक दिसतंय. गॅरंडचा विचार सोडला.

दोन शंका उरल्या. बार उशिरा उडाला किंवा उडालाच नाही तर नेमकं काय करायचं? आणि ८ पौंडांची ही दारू किती जुनी आहे ते डब्यावरून कळत नाही, ती खराब झालीय हे कसं ओळखू?

---

नळी_आणि_आटे

टिचकी ऐकू आली आणि बार झाला नाही: रायफल निशाणाकडेच रोखलेली ठेवा, निदान ३० सेकंद. ८७२ सारख्या दारूला मी पूर्ण मिनिट देतो. चेहरा बोल्टच्या मागून बाजूला. मग बोल्ट उघडा.

आवाज फुसका आला, धक्का जाणवलाच नाही, तर दुसरं काडतूस घालायचंच नाही. बोल्ट काढून गज नळीत घाला. फुसक्या बारात गोळी घशाच्या पुढे दोन-चार इंचांवर अडकलेली सापडते, मागे दाण्यांचा पिवळा, एकमेकांना चिकटलेला गड्डा. दाणे आधी झटकून काढा, नळीत थोडं तेल सोडा, मग तोंडाकडून नळीच्या मापाचा पितळी गज घालून गोळी मागे ठोका. अडकलेली गोळी दुसऱ्या बाराने ढकलणं म्हणजे नळी फुगणं.

दारूची परीक्षा नाकाने. चांगल्या दारूला ईथरसारखा गोडसर वास येतो. आंबट, झोंबणारा वास आला, डब्यात लालसर-तपकिरी धूळ किंवा वाफ दिसली, धातूच्या डब्याला आतून गंज चढलेला असला तर ती संपली. दाणे गठ्ठ्याने चिकटलेले असणं हेही तेच लक्षण. अशी दारू घरात एक रात्रही ठेवू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. बागेत पातळ पसरून पाणी मारा. नायट्रोजन आहे, गवताला खत होतं. डबा चांगला निघाला तर थंड, कोरड्या जागी मूळ डब्यातच ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा झाकण उघडून वास घ्या.